जमिनीखालच्या वायूचा राखणदार कोण?

जत्रेत किंवा एस. टी. स्टँडवर मिळणारा गोटी सोडा तुमच्यापैकी बहुतेकांनी प्यायला असेल. त्या बाटलीला बूच नसते. बाटलीच्या गळ्यात एक काचेची गोटी असते आणि आतल्या वायूचा दाब तिला खालून वर रेटून रबराच्या कड्यावर घट्ट बसवतो. म्हणजे जो वायू बाहेर पडू पाहतो, तोच आपल्या हाताने दार लावून घेतो! दुकानदाराने गोटी आत ढकलली की फट्‌ असा आवाज होतो आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर येतो.

आता अशी एक बाटली कल्पनेने डोळ्यांसमोर आणा, की जी एखाद्या तालुक्याएवढी पसरलेली आहे, जमिनीखाली किलोमीटरभर खोल आहे आणि जी हजारो वर्षे गळता कामा नये. ती भरणारी कंपनी पन्नास वर्षांत बंद पडेल किंवा विकली जाईल. तिचे इंजिनिअर निवृत्त होतील, नकाशे कपाटात धूळ खात पडतील. मग त्या बाटलीवर लक्ष कोणी ठेवायचे? ती गळली तर भरपाई कोणी द्यायची?

हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही, कायद्याचा आहे, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटत होते. एकदा माझ्या एका वकील मित्राला मी ही वायू पुरण्याची कल्पना समजावून सांगत होतो. दाब, घनता, सच्छिद्र खडक हे सगळे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "ते ठीक आहे, पण पुरल्यानंतर तो वायू कोणाचा?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना लक्षात आले, की या बाबतीत कायदा आणि भौतिकशास्त्र यांना एकमेकांवाचून एक पाऊलही टाकता येत नाही.

प्रथम हा उपद्व्याप कशासाठी, ते पाहू. हवाई बेटांतल्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. त्या वर्षी हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. सूर्यप्रकाशाला तो अडवत नाही, पण तापलेल्या पृथ्वीकडून परत निघालेले अवरक्त किरण शोषून घेतो, आणि म्हणून पृथ्वी तापते. कोळशाच्या जागी सूर्य आणि वारा यांची वीज आणता येते. पण सिमेंटचे काय? चुनखडी तापवली की कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, हे समीकरण तुम्ही शाळेत लिहिले आहे. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली, तरी हा वायू निघणारच, कारण तो इंधनातून नव्हे, दगडातूनच येतो. अशा ठिकाणी तो धुराड्यातच पकडावा आणि जमिनीत गाडावा, अशी ही योजना आहे. पकडण्याची रीत थोडक्यात अशी: अमाइन नावाच्या रसायनांचे द्रावण थंड असताना हा वायू शोषून घेते आणि तापवले की सोडून देते. त्याला बरीच उष्णता लागते, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच होतो.

एक टन वायू दीड हजार लिटरच्या टाकीत

खोल गाडण्यामागची युक्ती मात्र पाहण्यासारखी आहे. नेहमीच्या दाबाला आणि तापमानाला एक घनमीटर कार्बन डायऑक्साइडचे वजन सुमारे १.८ किलोग्रॅम भरते. म्हणजे एक टन वायू ठेवायला साडेपाचशे घनमीटर जागा हवी. सव्वाआठ मीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच खोली. हा वायू ३१ अंश सेल्सियसच्या वर तापमान आणि ७३ वातावरणांच्या वर दाब असलेल्या ठिकाणी नेला, तर तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. वायूसारखा बारीक छिद्रांत शिरतो, पण घनतेने द्रवाच्या जवळ येतो. दर दहा मीटर पाण्याला एक वातावरण हा हिशेब तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा ८०० मीटर खोलीवर दाब ८० वातावरणे झाला, आणि पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेमुळे तापमानही पुरेसे असते. तिथे या वायूची घनता घनमीटरला ६०० ते ७०० किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकते. मघाची ती खोली आता दीड हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीत मावली!

परंतु एक अडचण उरतेच. खोल वालुकाश्मांच्या छिद्रांत खारे पाणी असते आणि त्याची घनता हजाराच्या वर असते. म्हणून आपला दाबलेला वायू त्यात तरंगतो आणि वर चढू पाहतो. त्याला अडवण्यासाठी वर अभेद्य खडकाचा थर हवा. चिकणमातीपासून बनलेल्या शेल खडकाचा असला तर उत्तम. यालाच झाकणखडक म्हणतात. सोड्याच्या बाटलीतली गोटी ती हीच.

असे जगात प्रत्यक्ष घडले आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे २५० किलोमीटरवर, उत्तर समुद्रात स्लाइप्नर नावाचे नैसर्गिक वायूचे क्षेत्र आहे. तिथून निघणाऱ्या वायूत ९ टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड होता, आणि ग्राहकाला तो अडीच टक्क्यांहून अधिक चालत नव्हता. तेव्हा तो वेगळा काढणे भागच होते. काढल्यावर हवेत सोडून दिला असता तर कोणी काही म्हटले नसते. पण १९९१ साली नॉर्वेने समुद्रातल्या तेल व वायूच्या उद्योगावर कार्बन डायऑक्साइडचा कर बसवला. मग कंपनीने हिशेब केला आणि वायू हवेत सोडून कर भरण्यापेक्षा तो पुरणे परवडते, असे उत्तर आले. १९९६ पासून तो समुद्रतळाखाली, उत्सिरा नावाच्या वालुकाश्माच्या थरात सोडला जाऊ लागला. पुढे अनेक वर्षे दरवर्षी सुमारे दहा लाख टन. पंप अभियंत्यांनी बनवला खरा, पण तो चालू केला तो एका कराच्या कलमाने, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्याच्या खाणीत शिरलेले पाणी

आता भीतीकडे वळू, कारण तिच्याशिवाय कायदे होत नाहीत. कार्बन डायऑक्साइड विषारी म्हणून प्रसिद्ध नाही. आपण तो श्वासावाटे सोडतोच. पण तो हवेच्या दीडपट जड आहे आणि सखल जागी साचतो. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात न्योस नावाच्या सरोवराच्या तळाशी विरघळून राहिलेला हा वायू एकाएकी उसळून बाहेर आला आणि दरीत उतरला. सुमारे १७०० माणसे झोपेत गुदमरून मेली. तिथे कोणी काही पुरले नव्हते. ते ज्वालामुखीचे सरोवर होते आणि वर झाकणखडकही नव्हता. तेव्हा न्योसवरून पुरलेल्या वायूची भीती घालणे योग्य नाही. तथापि माणसाच्या हातचे उदाहरणही आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सटार्शिया या खेड्याजवळ पावसाने जमीन खचली आणि हा वायू वाहून नेणारा नळ फुटला. सुमारे २०० लोकांना हलवावे लागले, चाळीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पळून जाण्यासाठी काढलेल्या मोटारीदेखील बंद पडल्या, कारण इंजिनालाही ऑक्सिजन लागतो. सुदैवाने कोणी दगावले नाही.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? याचे मूळ उत्तर दीडशे वर्षांहून जुने आहे आणि तेही गंमत म्हणजे जमिनीखालून वाहिलेल्या एका द्रवाचे. इंग्लंडात लँकेशायर परगण्यात रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने गिरणीसाठी तलाव बांधून घेतला. खोदताना कंत्राटदारांना कोळशाच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीची मातीने बुजलेली तोंडे लागली, पण ती त्यांनी नीट बंद केली नाहीत. १८६० मध्ये तलाव भरताच पाणी त्या तोंडांतून खाली फुटले आणि शेजारच्या फ्लेचर यांच्या खाणीत शिरले. रायलंड्स यांची स्वतःची चूक काहीच नव्हती. त्यांना ती तोंडे ठाऊकही नव्हती. तरी १८६८ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्यांनाच जबाबदार धरले. सुटल्यावर इजा करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीत आणून साठवतो, त्याने ती आपल्या जोखमीवर साठवावी, असा त्या निकालाचा आशय आहे.

कार्बन साठवणाऱ्या भूशास्त्रज्ञाला आज सर्वांत जास्त काळजी कशाची असते? जुन्या, सोडून दिलेल्या विंधण विहिरींची! झाकणखडक लाखो वर्षे टिकतो, पण त्याला माणसाने पाडलेले एखादे भोक नीट बुजवलेले नसले, की वायू नेमका तोच रस्ता शोधतो. द्रवांचा स्वभाव १८६० पासून बदललेला नाही.

आपल्या देशाने या तत्त्वाच्या पुढे पाऊल टाकले. इंग्लंडच्या नियमाला काही अपवाद होते. नैसर्गिक आपत्ती हा त्यांतला एक. भोपाळची दुर्घटना १९८४ च्या डिसेंबरात झाली आणि वर्षभराने दिल्लीतल्या एका कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या खटल्यात २० डिसेंबर १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण आहे आणि तिला कोणताही अपवाद नाही. आम्ही सर्व काळजी घेतली होती, ही सबब त्याला सांगता येणार नाही.

पण तुमच्या ध्यानात आले असेल, की हे सारे नियम गृहीत धरतात ते हे, की जबाबदार धरायला कोणीतरी शिल्लक आहे. गिरणीमालक जिवंत होता, कारखाना उभा होता. वायू हजार वर्षे टिकतो. कंपनी टिकत नाही.

वीस वर्षे कशासाठी?

या अडचणीवर युरोपीय संघाने एप्रिल २००९ मध्ये एक कायदा केला. (नॉर्वे संघाचा सदस्य नाही, पण त्यानेही त्यातल्या तरतुदी आपल्या नियमांत घेतल्या.) परवान्याशिवाय वायू पुरता येत नाही. पुरणाऱ्याने सतत मोजमाप ठेवायचे. गळती झाली तर ती थांबवायची. आणि जेवढा वायू हवेत गेला, तेवढ्याची किंमत हवेत धूर सोडणाऱ्या इतर कारखान्यांप्रमाणेच चुकवायची. विहीर बंद केल्यावरही त्याची सुटका नाही. त्यानंतर निदान २० वर्षे जबाबदारी त्याचीच. सरकारी अधिकाऱ्यांची खात्री पटली, तरच ही मुदत कमी होऊ शकते. मग ती जागा सरकारकडे जाते, पण जाताना कमीत कमी पुढच्या ३० वर्षांच्या देखरेखीचा खर्च भरून द्यावा लागतो. पुढे त्याने माहिती लपवली होती किंवा हयगय केली होती असे उघडकीस आले, तर सरकार त्याच्याकडून खर्च वसूल करू शकते.

या मुदती तुमच्या वयाशी ताडून पाहा. तुम्ही आज १५ वर्षांचे आहात. आज सुरू झालेली साठवण २५ वर्षांनी बंद झाली, तर तुम्ही चाळिशीत असाल. ती सरकारजमा होईल तेव्हा तुम्ही साठीचे व्हाल आणि भरलेले पैसे संपतील तेव्हा नव्वदीचे. त्यापुढे?

त्यापुढचा भार या कायद्याने निसर्गावर टाकला आहे, आणि तो अगदीच आंधळेपणाने टाकलेला नाही. पुरलेला वायू काळानुसार अधिकाधिक अडकत जातो. पहिली काही वर्षे त्याला फक्त झाकणखडक अडवतो. पण तो पसरताना त्याचे बारीक बुडबुडे वाळूच्या कणांमध्ये मागे राहतात आणि केशाकर्षणामुळे तिथून हलत नाहीत. हे घरी पाहता येते. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत ओली वाळू आणि पाणी भरा आणि बारीक नळीने तळाशी हवा फुंका. फुंकणे थांबवल्यावर सगळी हवा वर येत नाही. काही बुडबुडे वाळूतच ठाण मांडून बसलेले दिसतील. त्यानंतर शेकडो वर्षांत वायू खाऱ्या पाण्यात विरघळतो. असे पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा किंचित जड होऊन खाली बसते, म्हणजे वर चढण्याची ओढच नाहीशी होते. आणि अखेरीस त्यातला काही भाग खडकातल्या धातूंशी संयोग पावून दगड होतो. थोडक्यात, सुरुवातीची वर्षे जास्त धोक्याची आणि नंतरची कमी.

म्हणूनच जबाबदारी हस्तांतरित करण्यापूर्वी काय सिद्ध करावे लागते, ते वाचून मला मोठी मौज वाटली. कायद्याने तीन गोष्टी मागितल्या आहेत. वायूचे प्रत्यक्ष वर्तन आधी केलेल्या गणिती प्रतिकृतीशी जुळले पाहिजे. मोजता येईल अशी कोणतीही गळती नसली पाहिजे. आणि सारी जागा स्थिरतेकडे जात असली पाहिजे. अहो, प्रयोगवहीत आम्ही तुमच्याकडून दुसरे काय मागतो? सिद्धान्तावरून काढलेली किंमत आणि निरीक्षण जुळते का, उपकरणाला दिसेल अशी चूक आहे का, आणि वाचन स्थिर झाले का! 'मोजता येईल अशी' या शब्दांतली मेख मात्र ओळखून ठेवा. उपकरण जितके ओबडधोबड, तितकी गळती कमी दिसणार. तेव्हा कोणते उपकरण वापरायचे, हे वायू पुरणाऱ्याच्या एकट्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. स्लाइप्नरला समुद्रावरून ध्वनितरंग खाली सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून वायू कुठवर पसरला, त्याची चित्रे काढत आले आहेत. १९९४ चे, म्हणजे पुरण्यापूर्वीचे चित्र हाती होते म्हणून नंतरच्या चित्रांना अर्थ आला.

समुद्राचा कायदा आडवा आला, ती कथाही सांगण्यासारखी आहे. समुद्रात घाण टाकू नये म्हणून १९७२ मध्ये लंडन येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९९६ मध्ये त्याहून कडक असा दुसरा. या दुसऱ्या करारात रीत उलटी होती: परवानगीच्या यादीत जे नाही, ते सारे निषिद्ध. यादीत कार्बन डायऑक्साइड नव्हता. (समुद्रतळातील खनिजे तिथेच शुद्ध करताना जे निघते त्याला हा करार लागू नव्हता, म्हणून स्लाइप्नर सुटले.) अखेर नोव्हेंबर २००६ मध्ये यादीत भर घातली गेली. वायू समुद्रतळाखालच्या खडकातच सोडावा, पाण्यात नव्हे. तो जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइडच असावा. आणि विल्हेवाट लावण्यासाठी त्यात दुसरी घाण मिसळलेली नसावी, या अटींवर.

तरी एक गाठ राहिलीच. टाकाऊ पदार्थ समुद्रात टाकण्यासाठी दुसऱ्या देशाला पाठवू नये, असे त्याच कराराचे सहावे कलम सांगत होते. श्रीमंत देशांनी आपली घाण गरिबांच्या दारात टाकू नये म्हणून ते घातलेले, आणि योग्यच होते. पण ज्या देशाकडे योग्य खडक नाही, त्याने काय करावे? २००९ मध्ये दुरुस्ती मंजूर झाली. ती लागू होण्यास दोनतृतीयांश सदस्यांची संमती हवी होती, आणि दहा वर्षे उलटली तरी ती जमली नाही. शेवटी २०१९ मध्ये, तयार असलेल्या देशांनी आपापसात करार करून ती तात्पुरती लागू करावी, अशी वाट काढण्यात आली. मग २०२३ च्या मार्चमध्ये बेल्जियममधून आणलेला वायू डेन्मार्कच्या समुद्रतळाखाली गेला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्वेतल्या ब्रेविक येथील सिमेंट कारखान्याचा वायू, बोटीने आणि मग सुमारे शंभर किलोमीटर नळाने, समुद्रतळाखाली २६०० मीटर खोल पोहोचला. इतर देशांतल्या कारखान्यांचा वायूही त्याच जागी घेण्याची योजना आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की चला, आता कोळसा जाळायला मोकळे झालो. त्याने आकडे पाहावेत. जग दरवर्षी इंधनांतून सुमारे ३७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. तो पकडणाऱ्या सर्व यंत्रणांची मिळून क्षमता सुमारे पाच कोटी टन आहे, म्हणजे दर सातशे टनांमागे एक टनसुद्धा नाही. शिवाय त्यातला मोठा भाग जुन्या विहिरींतून आणखी तेल वर ढकलण्यासाठी वापरला जातो. माझ्या मते सिमेंटसारख्या उद्योगांसाठी ही सोय राखून ठेवावी. वीजघरांना ती सबब म्हणून वापरू देऊ नये.

आपल्या पायाखालच्या खडकाकडे येऊ. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर वसलेला आहे. आइसलँडमध्येही असाच खडक आहे, मात्र वयाने पुष्कळ तरुण. तिथे २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून, म्हणजे चक्क सोडावॉटर करून, बेसाल्टमध्ये सोडण्यात आला. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वायू कॅल्साइटसारख्या खनिजांत रूपांतरित झाला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दगड झालेला वायू गळणार कुठून? मग वीस वर्षांची मुदत, तीस वर्षांचा खर्च, राखणदाराचा प्रश्न, यांतले बरेचसे गळून पडते. आपल्या कातळाच्या पोकळ्यांतही निसर्गाने बनवलेले कॅल्साइटचे स्फटिक सापडतात. शाळेच्या खनिजसंग्रहात असला तर शिक्षकांना दाखवायला सांगा.

पण या रीतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. स्लाइप्नरप्रमाणे वर्षाला दहा लाख टन वायू पुरायचा, तर पाणी लागेल अडीच कोटी घनमीटर. धरणांच्या बातम्यांत जे टीएमसी हे माप येते, त्यात हे ०.९ टीएमसी झाले. त्याऐवजी समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग झाले आहेत, आणि कोकणात तसे पाणी आहेही. घाटमाथ्यावर मात्र ते पाणी कोणाच्या वाट्यातून घ्यायचे, हे ठरवताना कार्बनचा कायदा पुरणार नाही. त्यासाठी आपला २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा उघडून, धरणातल्या पाण्याच्या हक्कांचे पान आधी वाचावे लागेल.